पार्सलच्या नावाने गंडवतात ते असं, या चुका टाळा

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेच्या आठवड्यात बाबांना मेसेज आला, तुमचं पार्सल गोदामात आलंय पण पत्ता अर्धवट आहे, 12 तासांत अपडेट करा, खाली लिंक. आता आत्याने नागपूरहून राखी स्पीड पोस्टाने खरंच पाठवली होती आणि ती चार दिवस झाले तरी आली नव्हती, त्यामुळे बाबांना वाटलं हे तेच. लिंक उघडली तर पोस्टाचा लाल-पिवळा लोगो, पत्त्याचे रकाने आणि शेवटी 'पुन्हा डिलिव्हरीचा चार्ज 25 रुपये'. बाबांचं म्हणणं, 25 रुपयांसाठी कोण कशाला फसवेल? कार्ड नंबर टाकला, कार्डामागचे तीन आकडे टाकले, ओटीपी आला, आणि नेमका चष्मा सापडेना म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलेलं, 46 हजार काहीतरी रुपयांच्या खरेदीसाठी ओटीपी. चष्मा फ्रीजवर होता, पण तो तेव्हा सापडला असता तर काय झालं असतं ते जाऊ दे.

तर पहिली चूक हीच. ओटीपीचे सहा आकडे आपण बघतो आणि त्याच मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव दिलेलं असतं ते वाचतच नाही. 25 रुपये हे फक्त कार्डाची माहिती काढून घ्यायला असतात, खरा आकडा त्या ओटीपीच्या मेसेजमध्ये दिसतो.

लोक विचारतात, पण त्यांना कसं कळलं माझं पार्सल यायचंय ते? अहो त्यांना काहीच कळलेलं नसतं. हजारो नंबरवर तोच मेसेज जातो आणि आजकाल ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही यायचंच असतं, कुणाची चप्पल, कुणाचा मिक्सर, बाकीचा हिशोब आपण आपल्याच डोक्यात जुळवतो. हा पत्ता अपडेट करायचा मेसेज खोटा आहे, पोस्ट असे मेसेज पाठवत नाही, हे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने मागेच सांगितलंय. पोस्टाची खरी साइट 'गव्ह डॉट इन'ने संपते. पावतीवर 13 अक्षरी नंबर असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय एन, तो साइटवर स्वतः टाकून बघायचा, मेसेजमधल्या लिंकवरून जायचंच नाही. आयफोनवाल्यांना अजून एक गंमत दिसेल, मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की आधी 'वाय' असा रिप्लाय द्या आणि मग लिंक उघडा. का, तर अनोळखी माणसाकडून आलेली लिंक आयफोन उघडू देत नाही आणि आपण रिप्लाय दिला की ते कुलूप निघतं. पोस्टमन तुम्हाला 'वाय' लिहायला कशाला सांगेल?

आता यापेक्षा वाईट प्रकार, कारण यात लिंक नाही, ओटीपी सांगायचा नाही, काहीच नाही. फोन येतो, "मॅडम कुरिअरमधून बोलतोय, तुमच्या बिल्डिंगखाली उभाय, पत्ता सापडत नाहीये, डिलिव्हरी बॉयचा नंबर मेसेज केलाय तो लावा ना." आणि तो नंबर असतो *401* किंवा *21* ने सुरू होणारा आणि पुढे कुणाचा तरी मोबाइल नंबर. तो डायल केला की तुमचे सगळे कॉल त्या माणसाकडे फॉरवर्ड. मग तो त्याच्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सॅप चालू करतो, कोड कॉलवर मागवतो आणि तो कॉल जातो त्यालाच. अर्ध्या तासात तुमच्या सगळ्या नातेवाईकांना "अर्जंट 20 हजार पाठव ना" सुरू. दूरसंचार खात्याने कंपन्यांना ही कोडवाली फॉरवर्डिंगची सोय 15 एप्रिल 2024 पासून बंद करायला सांगितली होती, पण त्या भरवशावर राहू नका. स्टार किंवा हॅशने सुरू होणारं काहीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून डायल करायचं नाही. चुकून केलंच तर लगेच ##002# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघून जातं. आणि व्हॉट्सॅपला टू-स्टेप पिन, म्हणजे कोडशिवाय वेगळा लागणारा आपला पिन, आजच लावा, दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळे टाळतात.

कॅश ऑन डिलिव्हरीचा प्रकार तसा छोटा पण जाम चालतो. आमच्या सोसायटीत एका काकूंच्या नावाने 599 चं पार्सल आलं, काकू देवळात गेलेल्या, वॉचमनदादांनी चांगुलपणाने स्वतःच्या खिशातून पैसे दिले. आत तीन रुमाल. तेही सुती नाहीत. मागवलं असेल तर घरच्या ग्रुपवर रक्कम टाकून ठेवा, टाकलेलं नसेल तर पार्सल परत. परत करताना "मग ऑर्डर कॅन्सल करतो, ओटीपी आलाय तो सांगा" म्हणाला तर सांगू नका, न मागवलेल्या पार्सलला कसला आलाय ओटीपी. खऱ्या डिलिव्हरीचा ओटीपीसुद्धा पार्सल हातात आल्यावरच सांगायचा. तसंच रिफंडसाठी यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. आणि गूगलवर सर्च करून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवर विश्वास नको, नंबर ॲपमधूनच घ्या, आणि समोरच्याला आपला स्क्रीन दिसेल असं ॲप तो टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा.

"तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॉल क्राइम ब्रँचला जोडतो" हे तर आता बऱ्याच जणांना माहितीये. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असलं कायद्यात काहीच नाही, पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. तरी शिकलेली माणसं घाबरून तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसून राहतात, कारण समोर वर्दी दिसते. कॉल कट करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा, गप्प बसून राहणं हीच इथली चूक.

पैसे गेलेच तर लाजून दोन दिवस घालवू नका. आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला फोन, मग बँकेला सांगून कार्ड ब्लॉक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, रागाच्या भरात मेसेज डिलीट करू नका, बाबा तेच करायला निघाले होते. आता त्यांनी 1930 नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय, 'चोर' या नावाने, म्हणे घाईत शोधायला सोपं.