‘आर’मध्ये आयतालेखाचे वर्ग हवे तितकेच कसे मिळवावेत

‘आर’ या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकभाषेत आयतालेख, म्हणजेच हिस्टोग्राम, काढायला ‘हिस्ट’ ही एक आज्ञा पुरते. अडचण येते ती वर्गांची संख्या आपण ठरवू पाहतो तेव्हा. ‘हिस्ट’ला वर्ग कसे पाडायचे हे ‘ब्रेक्स’ या घटकातून सांगतात. ‘ब्रेक्ससमोर हवा तो आकडा लिहा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. तो मानल्यामुळे ‘बारा वर्गांतील विभागणी’ असे शीर्षक आणि खाली आठच स्तंभ, अशी आकृती माझ्या हातून एका अहवालात छापून गेली आहे.

‘आर’सोबतच येणारी ‘फेथफुल’ ही सारणी उघडावी. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याच्या २७२ नोंदी तीत आहेत. उद्रेकाचा कालावधी १.६ ते ५.१ मिनिटे आहे. काहीही न सांगता आकृती काढली, तर नोंदींच्या संख्येवरून वर्गसंख्या ठरवणाऱ्या, स्टर्जेस यांच्या १९२६ सालच्या सूत्राने १० वर्ग सुचवले जातात, पण उमटतात ८. आपण १२ मागितले तरी ८च मिळतात आणि १३ मागितले की एकदम १८!

याचे कारण असे, की तो आकडा ‘आर’ केवळ सूचना म्हणून घेते. आतले ‘प्रीटी’ हे फलन वर्गसीमा सुटसुटीत आकड्यांवर यावी म्हणून वर्गांतर १, २, ५ किंवा त्यांना दहाने (हवे तितक्या वेळा) गुणून वा भागून येणारे असेच निवडते. येथे ते ०.५ तरी होते नाही तर ०.२, मधले काही मिळतच नाही.

म्हणून ‘ब्रेक्स’ला आकडा देऊच नये, वर्गसीमांची पूर्ण यादी द्यावी, ती मात्र तंतोतंत पाळली जाते. समान अंतरावरच्या आकड्यांची यादी करणाऱ्या ‘सीक’ या फलनाला आरंभ १.५, शेवट ५.१ आणि ‘लेंथ डॉट आउट’, म्हणजे यादीतील आकड्यांची संख्या, १३ द्यावे. बारा वर्गांना सीमा तेरा लागतात. येथे १२ लिहिले, तर ११ वर्ग होतात आणि कोणताही इशारा येत नाही. यादीबाहेर एखादी जरी नोंद राहिली, तर मात्र ‘आर’ चूक दाखवून थांबते. आणखी एक गोष्ट: सीमेवरची नोंद ‘आर’ डावीकडच्या वर्गात मोजते, तर शाळेत आपण ती पुढच्या वर्गात धरायला शिकलो. शाळेची रीत हवी असेल, तर ‘हिस्ट’मधल्या ‘राइट’ला ‘फॉल्स’ द्यावे.

नोंदी पूर्णांकात असतील, तर अधिक काळजी घ्यावी. याच सारणीत दोन उद्रेकांमधली प्रतीक्षा ४३ ते ९६ अशा पूर्ण मिनिटांत आहे. तिचे सरळ २० समान वर्ग केले, तर वर्गांतर २.६५ येते, मग एका वर्गात तीन पूर्णांक बसतात, तर दुसऱ्यात दोनच, आणि आकृतीला कारंज्याशी काहीही संबंध नसलेले दाते फुटतात. असे दाते पाहून मी एकदा त्यांचा अर्थ लावत बसलो होतो. सलग नसलेले वर्ग सलग करताना दहावीत आपण ०.५ वजा-अधिक करत असू, तीच युक्ती येथे वापरावी: ४२.५ पासून ९७.५ पर्यंत, ५ च्या अंतराने. नेमके ११ वर्ग होतात आणि प्रत्येकात पाचच पूर्णांक येतात.

‘आर’मध्येच आकृत्या काढण्याचे ‘जीजीप्लॉट२’ हे वेगळे पॅकेज न सांगता ३० वर्ग घेते. तेथे ‘बिनविड्थ’ (वर्गांतर) आणि ‘बाउंडरी’ (एक वर्गसीमा) दोन्ही द्यावेत.

शीर्षकात संख्या लिहिण्याआधी ‘हिस्ट’चे उत्तर एका नावाखाली साठवावे आणि त्यातील ‘काउंट्स’ची, म्हणजे प्रत्येक वर्गातील नोंदींच्या यादीची, लांबी विचारावी. जो आकडा येईल, तोच छापावा.