एजन्सी सोडताय? रिन्यूअल कमिशन बुडवणाऱ्या या चुका टाळा

एलआयसीची एजन्सी सोडली की कमिशन बंद, असं अर्धे लोक धरूनच चालतात आणि बाकीचे "धंदा मी आणलाय, मिळणारच की आयुष्यभर" म्हणून निवांत. दोघंही चुकतात. जुन्या पॉलिसींचं रिन्यूअल, म्हणजे ग्राहक पुढच्या वर्षांत हप्ते भरतो त्यावरचं कमिशन, मिळतं, पण किती वर्षं काम केलंत आणि कसे बाहेर पडलात त्यावर.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो तडकाफडकी राजीनाम्यात. हिशोब १९७२ च्या एजंट नियमांपासून चालत आलेला आहे, सलग ५ वर्षं काम आणि तुम्ही आणलेल्या किमान २ लाख विमा रकमेच्या पॉलिसी एजन्सी संपायच्या एक वर्ष आधी चालू हव्यात, नाहीतर सरळ सलग १० वर्षं. आता २ लाख तर एका पॉलिसीत होतात, म्हणजे घोडं अडतं ते वर्षांवर. चार वर्षं दहा महिने झालेत, डीओशी (डेव्हलपमेंट ऑफिसर, आपला वरचा साहेब) वाजलं, रागात लेटर टाकलं... गेलं. अपॉइंटमेंट लेटर काढून तारीख बघा आधी, अंदाजाने नको. ४०,००० हप्त्याच्या पॉलिसीवर चौथ्या वर्षापासून ५ टक्के धरले तर वर्षाला २,०००, अशा ५० पॉलिसी असल्या तर वर्षाला लाखभर होतात, दोन महिने दम धरायला काय जातं?

"राजीनामा कशाला, नवीन धंदा करायचा नाही, आपोआप बंद पडेल" हे पण नको. वर्षाचा मिनिमम बिझनेस झाला नाही की एजन्सी टर्मिनेट होते, आणि मग तारीख तुमच्या हातात राहत नाही. आणि फ्रॉडमध्ये काढलं तर वर्षं मोजायचा प्रश्नच नाही, सगळं जप्त. लोकांचे हप्ते रोख घेऊन चार दिवस स्वतःकडे फिरवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पुन्हा जॉइन व्हायचं असेल तर एक बरी गोष्ट झालीय. आधी नव्याने एजन्सी घेतली की जुन्या एजन्सीच्या धंद्याचं रिन्यूअल मिळत नव्हतं, २०२३ मध्ये सरकारने ते बदललं, ग्रॅच्युइटीची मर्यादा पण ३ लाखांवरून ५ लाख केली. जुन्या एजंटांना हे माहीतच नसतं, ब्रांचमध्ये विचारा.

खाजगी कंपनीत हे नियम लावू नका. तिथे कंपनीच्या बोर्डाने मंजूर केलेलं कमिशनचं धोरण आणि तुमचा करार चालतो, मॅनेजर तोंडी काय बोलला त्याला किंमत नाही. एका वेळी एकाच लाइफ कंपनीचं काम करता येतं, त्यामुळे कंपनी बदलायची तर सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या कंपनीचं काम सोडल्याचा दाखला, घ्यावं लागतं, आणि उडी मारायच्या आधी जुन्या कमिशनचं काय होणार ते लेखी घ्या.

आता हक्क शाबूत आहे असं धरू. तरी कमिशन हप्ता आला तरच. तुम्ही सोडलंत की फोन करणारं कोणी उरत नाही, ग्राहक हप्ता विसरतो, ग्रेस पिरियड (हप्ता भरायची वाढीव मुदत) जातो, पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. वर्षातून एकदा यादी काढून फोन करा, नाहीतर त्यांना ऑटो डेबिट लावून द्या, दोघांचाही फायदा.

एजंट वारल्यावर घरच्यांना कमिशन मिळतं हे कित्येक घरात माहीतच नसतं. एजन्सी चालू असताना मृत्यू झाला तर २ वर्षं काम आणि १ लाखाच्या चालू पॉलिसी एवढ्यावरही नॉमिनीला मिळू शकतं. पण हे कमिशनचं नॉमिनेशन वेगळं, स्वतःच्या पॉलिसीत बायकोचं नाव टाकलं म्हणजे इथे पण झालं असं नाही. आणि ते मास्तर लोक, जे बायकोच्या नावावर एजन्सी घेऊन धंदा स्वतः करतात, त्यांनी लक्षात ठेवा की कमिशन, वारसा सगळं तिचं, कागदावर तुम्ही कोणीच नाही.

बँक खातं बंद केलंत तर ब्रांचला कळवा. पॅन नीट लिंक ठेवा, नाहीतर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जातो, एरवी एप्रिल २०२५ पासून तो २ टक्केच आहे.