कॉपी रांगतेय? या चुका टाळा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातून रोज रात्री अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर बॅकअप जातो. लाइन एक गिगाबिटची, वेग सेकंदाला जेमतेम 1 एमबी. सकाळी लोक कामावर यायचे तरी कॉपी चालूच.

पहिली चूक म्हणजे लाइनवाल्याला फोन. त्याने स्पीड टेस्ट लावली, आकडा 900च्या वर, चहा पिऊन गेला. खोटं काही नव्हतं. टेस्टचा सर्व्हरच मुंबईत होता. टीसीपीत, म्हणजे डेटा पोचवायच्या नेटवर्कच्या पद्धतीत, ठरावीक माल सुटला की पोच येईपर्यंत पुढचा थांबतो. मुंबईत पोच चुटकीसरशी येते, व्हर्जिनियाहून यायला साधारण 200 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गिगाबिटची लाइन भरायची तर 25 एमबी माल वाटेत हवा.

दुसरी चूक माझी. कुठूनतरी उचललेली टीसीपी_आरमेमची (येणारा माल साठवायच्या जागेची, म्हणजे बफरची) ओळ दोन्हीकडच्या सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेटिंगांत, चिकटवली. ढिम्म फरक नाही. मग पाठवणाऱ्या मशीनवर कनेक्शनचा तपशील दाखवणारी ‘एसएस -टीआय’ ही कमांड चालवली, तर ‘आरडब्ल्यूएनडी_लिमिटेड’पुढे (घेणाऱ्यामुळे थांबलेला वेळ) 97 टक्के. म्हणजे घेणाराच हात आखडून बसलेला!

तिकडचा प्रोग्रॅम आमचाच. त्यात कुणीतरी एसओ_आरसीव्हीबफ, म्हणजे त्या सॉकेटचा (कनेक्शनच्या टोकाचा) घेण्याचा बफर, 4 एमबी मागितला होता. मागितला की लिनक्स त्या सॉकेटचा बफर आपणहून वाढवणं बंद करतं, टीसीपी_आरमेमला मग कोण विचारतो? वर अशा मागणीवर आरमेम_मॅक्स या सेटिंगची कमाल मर्यादा 212992 बाइट, त्यामुळे 4 एमबीऐवजी विंडो (पोच येण्याआधी सुटू शकणारा माल) पडली 208 केबीच्या आसपास. एररही नाही. सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणून 1 एमबी.

प्रोग्रॅममधली एसओ_आरसीव्हीबफची ओळ काढली, कनेक्शन नव्याने जोडलं. टीसीपी_आरमेमचा तिसरा आकडा, म्हणजे कमाल, 64 एमबी ठेवला, कारण बफरचा साधारण अर्धाच भाग विंडोत धरला जातो. पाठवणाऱ्याकडे टीसीपी_डब्ल्यूमेमही (पाठवायचा बफर) तेवढाच.

‘एसएस’मध्ये ‘रिट्रान्स’ (हरवून पुन्हा पाठवलेला माल) वाढत असेल तर मात्र बफर फुगवून काही होत नाही, आधी केबल आणि स्विच बघा. मग ‘टॉप’ ही कमांड चालवून 1 दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. एकाच कोअरचा ‘एसआय’ (नेटवर्कसारख्या कामांत जाणारा वेळ) शंभराला टेकला असेल तर नेटवर्क कार्डाच्या रांगा वाटून द्या. आणि फायरवॉलमध्ये आयसीएमपी (वाटेतल्या अडचणी कळवणारे नेटवर्कचे निरोप) सरसकट बंद करू नका. नाहीतर कनेक्शन जुळतं, पण मोठी फाइल सुरुवातीलाच अडकते, आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो.