क्लॅरिनेटचा आवाज सुधारताना: आधी पॅड, मग रीड, माउथपीस सर्वांत शेवटी

क्लॅरिनेटचे खालचे सूर फुसफुसू लागले किंवा वरच्या पट्टीत आवाज चिरकू लागला, की बहुतेक वादकांचे लक्ष आधी माउथपीसकडे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाकडे जाते, कारण दुकानाच्या काचेआड तोच सर्वांत देखणा दिसतो. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. एका लग्नसराईत मी रीडच्या, म्हणजे माउथपीसवर बसणाऱ्या कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, दोन डब्या संपवल्या, दुकानदाराला मनातल्या मनात दूषणे दिली, आणि अखेर दोष सापडला तो वरच्या भागातील एका लहान पॅडच्या (चावीखालच्या, भोक मिटवणाऱ्या मऊ गादीच्या) त्वचेला पडलेल्या नखाएवढ्या चिरेत. तेव्हापासून मी खर्चाचा क्रम ठरवून टाकला आहे.

म्हणून प्रथम हवेची गळती तपासावी. माउथपीस व बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) काढून वाद्याचे दोन्ही मुख्य भाग वेगळे करावेत. वरच्या भागाची भोके डाव्या हाताच्या बोटांनी व अंगठ्याने झाकून त्याचे खालचे तोंड उजव्या तळहाताने बंद करावे आणि वरच्या टोकाला ओठ लावून हवा ओढावी. नळी घट्ट असेल तर ही ओढ काही क्षण टिकते आणि ओठ सोडताच ‘टप्’ असा आवाज येतो. ओढ लगेच सुटली तर कुठेतरी हवा निसटते आहे. खालचा भाग तपासताना उजव्या करंगळीने सर्वांत खालच्या चाव्याही दाबाव्या लागतात. गळतीची जागा नेमकी शोधण्यासाठी सिगारेटच्या पातळ कागदाची चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापून ती पॅडखाली ठेवावी, चावी रोजच्याच दाबाने मिटावी आणि पट्टी हळूच ओढावी. पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे चारही जागी ती सारखीच अडली पाहिजे. वरच्या भागातील गळती अधिक उपद्रवी असते, कारण तिच्या खालच्या सगळ्याच सुरांना ती भोवते.

पॅड बदलायचाच असेल तर पदार्थ, व्यास व जाडी या तिन्हींचा विचार करावा. नेहमीचा पॅड म्हणजे पुठ्ठा, त्यावर फेल्ट आणि त्यावर पातळ त्वचेचे दोन थर. या त्वचेला ‘फिशस्किन’ म्हणत असले तरी ती माशाची नसून गुरांच्या आतड्याची असते. असा पॅड मऊ बसतो व चावीचा आवाज कमी करतो, मात्र सततच्या ओलाव्याने त्याची त्वचा फाटते. वरच्या भागातील ज्या छोट्या भोकांत लाळेचे पाणी जमते, तिथे माझी पसंती बुचाच्या पॅडला आहे: तो वर्षानुवर्षे टिकतो, त्याची कड स्वच्छ मिटते, पण भोकाच्या काठाशी तो अगदी समतल बसवावा लागतो, अन्यथा गळती तशीच राहते. कृत्रिम पॅड ओलाव्याला दाद देत नाहीत, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचा विचार जरूर करावा.

व्यास तक्त्यावरून न ठरवता चावीच्या कपाचा आतला व्यास कॅलिपरने मोजावा. वाद्य मेरठचे असो वा फ्रेंच, दोन घडणींची मापे सहसा जुळत नाहीत. जाडीची खूण सोपी आहे: पॅड बिजागरीच्या बाजूला आधी टेकत असेल तर तो जाड आहे, पुढच्या बाजूला आधी टेकत असेल तर पातळ. फुगलेला पॅड भोकापासून पुरेसा वर उठत नाही, मग सूर दबका व किंचित उतरलेला येतो, आणि हा दोष आपण हमखास रीडच्या माथी मारतो. लाख किंवा गरम गोंद वितळवून पॅड बसवण्याचे काम पहिल्या वेळी कारागिराच्या शेजारी बसूनच करावे; जुन्या प्लास्टिकच्या वाद्याला ज्योत लावण्याचा प्रयोग तर करूच नये.

पॅड घट्ट झाल्यावर रीडकडे वळावे. रीड ज्या वेतासारख्या गवतापासून बनते ते अरुंडो डोनॅक्स होय; दक्षिण फ्रान्सच्या व्हार प्रांतातले पीक त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. डबीवरचा आकडा रीडचा कडकपणा दाखवतो. नवशिक्याने 2 किंवा 2.5 ने सुरुवात करावी. मात्र हे आकडे कंपनीगणिक, एवढेच नव्हे तर एकाच कंपनीच्या दोन प्रकारांतही बदलतात: वँडोरेनच्या ‘ट्रॅडिशनल’ रीडची टाच (मागचे जाड टोक) 2.8 मिलिमीटर, तर ‘व्ही 12’ची 3.15 मिलिमीटर जाड असते, आणि हा फरक ओठांना लगेच जाणवतो. आवाजात हवेची सळसळ अधिक असेल व फुंकायला जोर लागत असेल तर रीड कडक आहे. आवाज पातळ, कर्कश येऊन वरचे सूर उतरत असतील तर ती मऊ आहे. नवी डबी घेण्यापूर्वी रीड केसभर खाली सरकवली की ती मऊ वागते आणि वर सरकवली की कडक, हे करून पाहावे.

रीडच्या दोन्ही कडा समतोल आहेत का, हे तपासण्यासाठी माउथपीस तोंडात किंचित तिरका धरून आधी एका कडेने, मग दुसऱ्या कडेने फुंकावे. जी कड मुकी वाटेल ती जड असते आणि बारीक पॉलिश कागदाच्या दोन-तीन हलक्या फेऱ्यांनी ती सुधारते. नवीन रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटांहून अधिक वाजवू नये, आणि चार रीड आळीपाळीने वापराव्यात. वाजवून झाल्यावर रीड पुसून सपाट पृष्ठाच्या डबीत ठेवावी. मुंबईच्या पावसाळ्यात ओली रीड प्लास्टिकच्या खोळीत तशीच बंद केली तर आठवडाभरात तिच्यावर काळे ठिपके उमटतात, आणि अशी रीड सरळ टाकून द्यावी.

आता माउथपीस. त्याच्या टोकाचे व रीडच्या टोकाचे अंतर, म्हणजे टिप ओपनिंग, जितके मोठे तितकी रीड मऊ लागते. यामाहाचा ‘4सी’ सुमारे 1.05 मिलिमीटर उघडा आहे, तर वँडोरेनचा ‘बी 45’ जवळजवळ 1.2 मिलिमीटर, म्हणून पहिल्यावर चालणारी रीड दुसऱ्यावर जड पडते आणि वादक निष्कारण माउथपीसला नावे ठेवतो. दुकानात जाताना आपल्या जुन्या, ओळखीच्या रीड व लिगेचर (रीड माउथपीसवर आवळणारे कडे) सोबत घ्याव्यात. टोकाच्या दोन्ही कडा दिव्यासमोर धरून सारख्या आहेत का, हे पाहावे. मग रीड लावून खालचे तोंड तळहाताने मिटून हवा ओढावी. माउथपीस ओठांतून काढल्यावर रीड क्षणभर चिकटून राहिली तर जोड हवाबंद आहे.

त्यानंतर प्रत्येक माउथपीसवर तेच चार दीर्घ सूर वाजवावेत: सर्वांत खालचा ई, वरच्या भागातील बी-फ्लॅट, सर्व बोटे झाकून निघणारा मधला बी आणि वरचा सी. मित्राला पाठ फिरवून बसवावे व कोणता माउथपीस चालू आहे हे सांगू नये, कारण आपल्या हाडांतून ऐकू येणारा आवाज आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज यांत बराच फरक असतो. हार्मोनियमसोबत वाजवायचे असल्यास पट्टीही तिथेच जुळवून पाहावी; काही माउथपीस ‘ए’ सुराच्या 440 हर्ट्झसाठी तर काही 442 साठी घडवलेले असतात, आणि उतरलेला सूर बॅरल आत ढकलून वर आणता येत नाही, कारण ते आधीच पूर्ण आत असते. एबोनाइटचा (कडक रबराचा) माउथपीस घरी आल्यावर कोमट पाण्यानेच धुवावा. गरम पाण्याने त्याचा रंग उडतो आणि टोकाची वळणेही बिघडू शकतात.