तपकिरी स्टिंक बग दिसला? आधी मिशा बघा

भिंतीवर ढालीच्या आकाराचा तपकिरी किडा दिसला की लोक लगेच चप्पल उचलतात, थांबा जरा. एकतर चिरडला की असा भपकारा सुटतो की विचारू नका (कोथिंबिरीच्या वासात जी द्रव्यं असतात ना, त्याच जातीची यात पण असतात, पण इथे पार डोक्यात जातात) आणि दुसरं म्हणजे तो तोच आहे कशावरून?

आपण शोधतोय तो फळबागांची नासाडी करणारा ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग, शास्त्रीय नाव हॅलिओमॉर्फा हॅलिस. रंगावर अजिबात जाऊ नका, तपकिरी स्टिंक बग ढिगाने आहेत. मिशा बघा, शेवटच्या पेरांवर पांढरे पट्टे हवेत. मग खांदे, ते गुळगुळीत हवेत, काटेरी किंवा दातेरी असले तर दुसरा कोणीतरी, आणि काटेरी खांदेवाल्यांत स्पाइन्ड सोल्जर बग पण येतो जो अळ्या खातो, त्याला मारलंत तर स्वतःचंच नुकसान. पंखाच्या बाहेर डोकावणाऱ्या पोटाच्या कडेवर एकाआड एक गडद-फिके चौकोन. लांबी साधारण 12 ते 17 मिमी.

युरोपात असाल तर एवढ्यावर थांबू नका, तिथला एक गावठी भाऊबंद सेम दिसतो. किडा बाटलीत घेऊन उलटा करा, पोटाखाली पायांच्या मधे पुढे आलेला काटा दिसला तर तो हा नाही.

कुठे सापडेल? मूळचा चीन, जपान, कोरिया, तैवानचा. अमेरिकेत 1990 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला आला आणि तिथून पसरला, 2010 मध्ये तिकडच्या सफरचंदवाल्यांचं कंबरडंच मोडलं. मग स्वित्झर्लंड, इटली, जॉर्जिया (अमेरिकेतलं राज्य नव्हे, देश; तिथे हेझलनटची वाट लावली), चिली पण. थंडीच्या आधी उबेसाठी घरात घुसतो, म्हणून खिडक्यांच्या फटी तेव्हाच बुजवा, नंतर बुजवून काय उपयोग. घरात चावत नाही, अंडी पण घालत नाही. घुसलाच तर साबणाच्या पाण्याची बाटली खाली धरून हळूच ढकला, धोका वाटला की तो बऱ्याचदा स्वतःच खाली टपकतो.

बागेत पानाच्या मागे 28 च्या आसपास फिकट हिरवी अंडी दिसली तर पान तोडून साबणात टाका. काळी पडलेली असतील तर मात्र राहू द्या, आत सामुराई वास्पची (स्टिंक बगच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालून ती संपवणारी बारीकशी गांधीलमाशी) पिल्लं असू शकतात.