ग्राफीनचा सेन्सर करताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगावात ग्राफीनच्या सेन्सरांना सगळंच कळायला लागतं. अमोनिया सोडा, अल्कोहोल सोडा, नुसती फुंकर मारा, आलेख वर. प्रोजेक्टवाली पोरं खूश!

खानापूरकडचा एक विद्यार्थी असाच आलेख घेऊन आला. "सर, एकदम सेन्सिटिव्ह आहे." अमोनियाच्या द्रावणातून हवेचे बुडबुडे काढून ती हवा तो चिपवर सोडत होता. म्हटलं, बाबा, बाटलीत आता नुसतं डिस्टिल्ड पाणी भर. भरलं. जवळपास तेवढीच उडी! अमोनियाबरोबर बाष्पही येतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर, जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. सगळे अणू उघड्यावर. म्हणूनच २००७ साली मँचेस्टरच्या गटाला त्यावर वायूचा एकेक रेणू टिपता आला, आणि म्हणूनच आपल्याकडचा जुलैही त्यावर उमटतो. मी सिलिंडरमधला अमोनिया कोरड्या नायट्रोजनमध्ये मिसळून सोडतो, चिपशेजारी आर्द्रतामापक ठेवतो. मग तेच सगळं दमट हवेत पुन्हा, कारण गोठ्यात किंवा शीतगृहात कोरडा नायट्रोजन कोण देणार? सिलिका जेलची नळी हवेच्या वाटेवर, अमोनिया मिसळायच्या आधी लावा. नंतर लावली तर जेल अमोनियाच पिऊन टाकतं. आणि ते गुलाबी झालं तरी न बदलणाऱ्यांचे आलेख मी बघत नाही.

दुसरी चूक अँटिबॉडीवाल्यांची, म्हणजे ठरावीक प्रथिन पकडायला ग्राफीनवर अँटिबॉडी लावणाऱ्यांची. नेहमीच्या पीबीएस बफरमध्ये (फॉस्फेटचं खारं द्रावण) डिबाय लांबी, म्हणजे विद्युतभाराचा प्रभाव जितक्या अंतरापर्यंत जाणवतो ती, जेमतेम ०.७ नॅनोमीटर. अँटिबॉडी साधारण १० नॅनोमीटरची. तिच्या टोकाला प्रथिन चिकटलं तरी त्याचा विद्युतभार मधले आयन झाकून टाकतात, मग ग्राफीनला कळणार काय? बफर शंभरपट पातळ केला की ही लांबी ७ च्या आसपास जाते. मी प्रथिन पूर्ण ताकदीच्या बफरमध्ये चिकटू देतो, धुतो, मग पातळ बफरमध्ये मोजतो. आधीचं मोजमापही त्याच पातळ बफरमध्ये. वेळ जातो. ज्यांना संध्याकाळपर्यंत निकाल हवा, त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

बाकीचं थोडक्यात. पाण्यात गेट व्होल्टेज (ग्राफीनमधला प्रवाह कमीजास्त करायला द्रावणातून दिलेलं व्होल्टेज) १ व्होल्टच्या आतच ठेवा आणि गळती करंट, म्हणजे गेटमधून द्रावणामार्गे निसटणारा प्रवाह, प्रत्येक वेळी बघा. ग्राफीन चिपवर उचलून ठेवताना वापरलेलं पीएमएमए प्लास्टिक एकदा ॲसिटोनमध्ये बुडवून निघत नाही. अँटिबॉडी न लावलेली चॅनेल (ग्राफीनची पट्टी) तुलनेला शेजारी नसेल तर तुमच्या निकालावर मी विश्वास ठेवणार नाही.

मार्कंडेय नदीचं पाणी थेट चिपवर ओतू नका. आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, त्याची वाहकता मोजा आणि ब्लँक द्रावणही (ज्यात शोधायचा पदार्थ नाही ते) तेवढ्याच वाहकतेचं करा.