पंखे विकत घ्यायच्या आधी

शिगमा आटोपला की गोव्यात जो उकाडा सुरू होतो तो मृगाशिवाय हटत नाही. डेस्कटॉपची साफसफाई याच दिवसांत उरकावी. पावसात धुतलेली कॅबिनेटची जाळी दोन दोन दिवस दमटच राहते.

आधी सामान जमवा: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, कोरडा मऊ ब्रश, थर्मल पेस्ट (सीपीयू आणि त्यावर बसणारा कूलर यांच्यामध्ये लावतात ती), आयसोप्रोपिल अल्कोहोल, केबल टाय, कागद-पेन आणि देवघरातली एक उदबत्ती. पंखे या यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. चार जादा पंखे लावूनही कॅबिनेट तापलेलं मी पाहिलंय, कारण हवा कुठून येते आणि कुठून जाते हे कोणी बघितलेलंच नसतं.

कागदावर पहिली नोंद आजच्या तापमानाची. नेहमीचं जड काम अर्धा तास चालवून सीपीयू (म्हणजे आतली मुख्य चिप, अख्खा डबा नव्हे), ग्राफिक्स कार्ड आणि खोली, तिन्हींचे आकडे लिहा. खोली ३३ अंशांवर असेल तर पंख्याच्या हवेने आतलं काहीच ३३ च्या खाली उतरणार नाही. कमी करायचा आहे तो खोली आणि सीपीयू यांच्यातला फरक.

मग जागा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवलं असेल तर पुढचं काहीही वाचू नका, आधी ते बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर अंतर हवं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, तेव्हाही ते उपयोगी पडतं. जमिनीवर नको, पाटावर ठेवलं तरी चालेल.

वीज बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडा. आमच्याकडे डिचोलीत लाल धूळ आणि दमट हवा मिळून पुढच्या जाळीवर अशी साय धरते की नखाने एक टोक उचललं तर घावन सुटावं तशी अख्खी सुटून येते. त्या सायीमागे पंखा फिरत असतो, आवाजही करतो, पण ओढत काहीच नाही. जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. पंखे झटकताना पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने गरगर फिरवली तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय मात्र बाहेरूनच झटका, उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते. (माझ्या पॉवर सप्लायच्या खाली पालीची दोन अंडी निघाली. ऊब कोणाला आवडत नाही!)

आता दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि मध्ये स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागचा पंखा मी एकदा उलटा बसवला आणि आठवडाभर पेस्टला शिव्या घातल्या. साधी रचना पुरते: पुढून १२० मिलिमीटरचे दोन आत ओढणारे, मागे तसाच एक बाहेर फेकणारा. वर लावायचाच असेल तर मागच्या बाजूला. वर पुढे लावलेला पंखा गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आतच पळवतो. आत येणारी हवा थोडी जास्त असावी, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. पुढच्या पंख्यांसमोर लोंबणाऱ्या केबल मागच्या पत्र्याआड बांधा. पेस्ट सुकून खडू झाली असेल तर अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

झाकण लावा, मशीन सुरू करा, खोलीचा पंखा बंद करा आणि उदबत्ती पेटवा. राख आत पडू देऊ नका. पुढे धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे, मागे दूर फेकला गेला पाहिजे. माझ्याकडे मागच्या एका रिकाम्या कार्ड-स्लॉटवर झाकायची पट्टी गायब होती आणि बाहेर पडलेला धूर वळून तिथूनच पुन्हा आत शिरत होता. तेव्हा पुढे एक आणि बाहेर फेकणारे तीन अशी माझी हौस होती. एक पट्टी बसवली, वरचे दोन पंखे काढले.

शेवटी बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी सेटिंग) पंख्यांचा वेग सांभाळायची पद्धत निवडा: चार पिनांच्या पंख्यांना पीडब्ल्यूएम, तीन पिनांच्यांना डीसी. नाहीतर तीन पिनांचे सतत पूर्ण वेगाने ओरडतात.

पुन्हा तेच काम अर्धा तास चालवा, नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा, तारीख घाला आणि कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. चवथीच्या झाडलोटीत झाकण निघेल तेव्हा तो लागेल. त्या वेळी जाळी धुऊ नका, नुसती ब्रशने झाडा.